महाकपी वाचवायचे म्हणजे नेमकं कोणाला वाचवायचं?

नोव्हेंबर २०१३मध्ये इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावर, बातांग तोरूच्या डोंगराळ जंगलाजवळ एक ओरांगउटान नर जबर जखमी अवस्थेत सापडला. हल्ला माणसांनीच केला होता. त्याचं नाव ‘राया’ ठेवलं गेलं, उपचार झाले, पण तो वाचला नाही. त्याचा सांगाडा अभ्यासासाठी गेला आणि शास्त्रज्ञ बुचकळ्यात पडले. कवटीची आणि दातांची मापं सुमात्रातल्या बाकीच्या ओरांगउटानांशी जुळेनात. मग ३७ ओरांगउटानांचे जनुकसंच एकमेकांशी ताडून पाहिले गेले. नोव्हेंबर २०१७मध्ये निष्कर्ष जाहीर झाला: ही वेगळीच प्रजाती आहे. तिचं नाव तापानुली ओरांगउटान.

नव्या प्रजातीचं बारसं झालं तेव्हाच तिची संख्या ८००च्या आत होती. म्हणजे जगातला सर्वांत दुर्मीळ महाकपी आपल्याला कळला तोच मरणपंथाला लागलेला.

अशी बातमी वाचली की अनेकांच्या मनात एक प्रश्न येतो, फक्त तो मोठ्याने विचारायला संकोच वाटतो. ओरांगउटान आधी दोन प्रकारचे होते, आता तीन झाले. त्यातला एक गेला तर असं काय बिघडतं? दोन आहेतच की. प्रश्न थोडा उद्धट आहे, पण रास्त आहे. शिवाय त्याचं उत्तर ‘सगळे जीव मौल्यवान असतात’ एवढ्यावर भागवण्यासारखं नाही.

आधी घरातली माणसं ओळखून घेऊ

चिंपांझी, बोनोबो, गोरिला आणि ओरांगउटान यांना मिळून इंग्रजीत ‘ग्रेट एप्स’ म्हणतात. आपण महाकपी म्हणू. ही माकडं नव्हेत. ओळखण्याची सोपी खूण म्हणजे यांना शेपूट नसते. पहिले तिघे आफ्रिकेतले, ओरांगउटान फक्त सुमात्रा आणि बोर्निओ या बेटांवरचे.

दुसरा शब्द ‘प्रजाती’. पाठ्यपुस्तकांत ‘स्पीशीज’ला ‘जाती’ म्हणतात आणि वर्तमानपत्रं ‘प्रजाती’ म्हणतात. हा घोळ इथे सुटणार नाही, तेव्हा रुळलेला ‘प्रजाती’ हाच शब्द वापरू. प्रजाती म्हणजे दीर्घकाळ आपल्या वाटेने वेगळा वाढत आलेला वंश. त्या वंशाच्या आतल्या, काहीशा वेगळ्या पडलेल्या शाखेला उपप्रजाती म्हणतात.

या हिशेबाने चिंपांझीची एक, बोनोबोची एक, गोरिलाच्या दोन आणि ओरांगउटानच्या तीन, अशा सात प्रजाती झाल्या. आठवी प्रजाती हा मजकूर वाचते आहे. हा विनोद नाही. जीवशास्त्राच्या वर्गीकरणात माणूस याच कुळात बसतो. इतकंच नाही, चिंपांझीचं आपल्याशी असलेलं नातं गोरिलाशी असलेल्या नात्यापेक्षा जवळचं आहे.

९९ टक्के सारखे, मग वेगळे कशाला म्हणायचे?

माणूस आणि चिंपांझी यांच्या डीएनएची ओळीने तुलना केली तर सुमारे ९८.८ टक्के अक्षरं सारखी निघतात. हा आकडा ऐकून कोणाला वाटेल, एवढ्याशा फरकाचं कसलं कौतुक? पण एका अक्षराने काय होतं हे मराठी माणसाला कोणी शिकवायला नको. ‘ध’चा ‘मा’ झाला तेव्हा बाकीचं पत्र तसंच होतं. आणि डीएनएचं पत्र सुमारे तीन अब्ज अक्षरांचं आहे. त्यातला सव्वा टक्का म्हणजे साडेतीन कोटींच्या वर अक्षरं.

चिंपांझी आणि बोनोबो तर एकमेकांच्या आणखी जवळचे. त्यांच्यामध्ये काँगो नदी आडवी आहे, उत्तरेला चिंपांझी आणि दक्षिणेला बोनोबो. कपींना पोहता येत नाही, त्यामुळे नदी म्हणजे भिंतच. या भिंतीच्या दोन बाजूंना काय घडलं ते पाहा. चिंपांझींच्या टोळीत नरांचं राज्य असतं आणि शेजारच्या टोळीशी गाठ पडली तर रक्तपातही होतो. बोनोबोंमध्ये माद्या एकजूट करून नरांना आवरतात आणि दोन टोळ्या भेटल्या तर पुष्कळदा शांतपणे सोबत वावरतात. माणसाच्या स्वभावात भांडण किती आणि समजूत किती, हा वाद घालणारे एका चुलत भावंडाकडे बोट दाखवतात तेव्हा दुसरं विसरतात. त्यातलं एक संपलं तर आपल्याच घराण्याची अर्धी गोष्ट पुसली जाईल.

तापानुलीचं प्रकरण तर याहून चमत्कारिक. तो राहतो सुमात्रावर, पण उत्तर सुमात्रातल्या ओरांगउटानांपासून त्याचा वंश सुमारे ३४ लाख वर्षांपूर्वीच वेगळा झालेला दिसतो. समुद्रापलीकडच्या बोर्निओतल्या ओरांगउटानाशी त्याचं नातं जास्त जवळचं. शेजार एकाचा, गोत्र दुसऱ्याचं. म्हणजे २०१७पर्यंत ‘सुमात्रातले ओरांगउटान’ म्हणून जी मोजदाद होत होती, तिच्यात दोन वेगळ्या वंशांची खाती एकत्र धरलेली होती.

बेरीज फसवते

आता मुद्द्याचं बोलू, कारण गोंधळ नेमका इथे होतो.

धोक्यातल्या जिवांची ‘लाल यादी’ आययूसीएन ही जागतिक संस्था ठेवते. त्या यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ ही जंगलातून नामशेष होण्याच्या अलीकडची शेवटची पायरी, आणि ‘संकटग्रस्त’ तिच्या अलीकडची. मध्य आफ्रिकेच्या पश्चिम भागातल्या सखल जंगलांतला गोरिला बघा. २०१३ सालासाठी केलेल्या अंदाजात त्याची संख्या साडेतीन लाखांच्या वर निघाली. तरी तो अतिसंकटग्रस्त. उलट रवांडा, युगांडा आणि काँगो लोकशाही प्रजासत्ताक यांच्या सीमेवरचा पर्वतीय गोरिला जेमतेम हजाराच्या घरात, तरी तो एक पायरी कमी धोक्यात. यादी करणाऱ्यांचं डोकं फिरलं की काय?

नाही. लाल यादी फक्त किती शिल्लक आहेत एवढंच बघत नाही, आकडा कुठल्या दिशेला चालला आहे तेही बघते. सखल प्रदेशातल्या गोरिलांची संख्या वर्षाला साधारण २.७ टक्क्यांनी घटत असल्याचं त्याच अभ्यासात दिसलं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण या वेगाने पंचवीस वर्षांत संख्या निम्मी होते आणि तीन पिढ्यांत ऐंशी टक्क्यांहून जास्त गळती लागते. मोठ्या टाकीला भोक पडलेलं असलं तर आज ती भरलेली आहे याचा आनंद किती काळ टिकणार?

पर्वतीय गोरिलांचं उलट आहे. विरुंगा ज्वालामुखींच्या परिसरात १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ते अडीचशेच्या आसपास उरले होते. २०१५-१६च्या गणनेत तिथे ६०४ मोजले गेले. युगांडातल्या ब्विंडीच्या जंगलात आणखी ४५९. एकूण १०६३. नोव्हेंबर २०१८मध्ये त्यांना ‘अतिसंकटग्रस्त’मधून ‘संकटग्रस्त’मध्ये आणलं गेलं. महाकपींच्या बाबतीत अशा बातम्या फार क्वचित येतात.

पण हा पर्वतीय गोरिला स्वतंत्र प्रजाती नाही, ‘पूर्वेकडचा गोरिला’ या प्रजातीची उपप्रजाती आहे. त्याच प्रजातीची दुसरी शाखा, पूर्व काँगोतला ग्राउअर गोरिला, १९९०च्या दशकातल्या युद्धानंतर कोसळली. जंगलात सशस्त्र टोळ्या घुसल्या, मोबाइल आणि इतर उपकरणांना लागणाऱ्या कोल्टान खनिजाच्या खाणी निघाल्या आणि खाणीतल्या माणसांचं पोट शिकारीवर चाललं. म्हणून एकच प्रजाती आज एका अंगाने सावरते आहे आणि दुसऱ्या अंगाने ढासळते आहे. सगळे गोरिला एका बेरजेत घातले असते तर पर्वतीयांचं यश दिसलं नसतं, ग्राउअरची पडझड दिसली नसती आणि सखल प्रदेशातले लाखो बघून आपण निवांत झोपलो असतो.

एकेक प्रजाती वेगळी मोजायची आणि वेगळी राखायची ती यासाठी. ‘महाकपी वाचवा’ ही घोषणा म्हणून ठीक आहे. प्रत्यक्षात वाचतात ते अमुक डोंगरावरचे अमुक गोरिला. कायदाही नावानेच चालतो. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं घालणारा ‘साइट्स’ करार परिशिष्टांत नावं लिहून काम करतो, आणि मानवेतर सगळे महाकपी त्याच्या सर्वांत कडक परिशिष्टात आहेत.

व्याज अर्धा टक्का, उचल दोन टक्के

संख्या घटली तर पुन्हा वाढेल, उंदीर नाही का वाढत? इथे महाकपींची शरीररचनाच आडवी येते. ओरांगउटान मादीला पहिलं पिल्लू साधारण पंधराव्या वर्षी होतं, आणि दोन पिल्लांमध्ये सरासरी सात-आठ वर्षांचं अंतर असतं. सस्तन प्राण्यांत इतकं अंतर दुसऱ्या कोणातही दिसत नाही. चिंपांझीत ते पाच-सहा वर्षांचं, गोरिलात चारेक वर्षांचं. मादी आयुष्यभरात मोजकीच पिल्लं वाढवते, आणि त्यातली काही दगावतातच.

ज्या ठेवीला वर्षाला जेमतेम अर्धा-एक टक्का व्याज मिळतं, तिच्यातून दरवर्षी दोन टक्के काढत राहिलं तर पासबुकावर पहिली काही वर्षं काहीच बिघडल्यासारखं दिसत नाही. ओरांगउटानांच्या बाबतीत नैसर्गिक मृत्यूंखेरीज वर्षाला एक टक्का माद्या जरी मारल्या गेल्या, तरी ती वसाहत संपण्याच्या मार्गाला लागते, असा शास्त्रज्ञांचा हिशेब आहे. तापानुलीच्या आठशेत असे जीव किती निघतील? दरवर्षी तीन-चार माद्या. त्यासाठी टोळीने शिकार करावी लागत नाही. फळबागेत घुसली म्हणून एखादी मारली, पिल्लू विकायचं म्हणून आईला गोळी घातली, एवढ्याने भागतं.

त्यात साथ आली तर विचारायलाच नको. २००२-०३मध्ये काँगो प्रजासत्ताकातल्या लोसी अभयारण्याच्या भागात इबोलाने सुमारे पाच हजार गोरिला मेल्याचा अंदाज संशोधकांनी मांडला. माणसाचे बरेचसे रोग यांना होतात, साधी सर्दीसुद्धा जिवावर बेतते. जवळच्या नात्याची ही किंमत.

‘मग जंगल वाचवा की, एकेका प्राण्याच्या मागे कशाला लागता?’

हा आक्षेप जाणकारही घेतात, आणि त्यात तथ्य आहे. जंगलाविना ओरांगउटान राहणार कुठे? तेलताडाच्या लागवडीसाठी बोर्निओ आणि सुमात्रातली जंगलं कशी साफ झाली हे आता सगळ्यांना माहीत आहे. पण उलटं खरं नाही. जंगल उभं आहे म्हणजे आतली वस्ती शाबूत आहे असं नव्हे.

बोर्निओत १९९९ ते २०१५ या काळात एक लाखाहून जास्त ओरांगउटान कमी झाले असं २०१८च्या एका मोठ्या अभ्यासात आढळलं. सर्वांत वेगाने घट झाली ती अर्थातच तोडलेल्या जंगलांत. पण गमावलेल्या जिवांची सर्वांत मोठी संख्या होती ती उभ्या जंगलांतली, म्हणजे मूळ जंगलांतली किंवा थोडीफार लाकूडतोड झालेल्या भागांतली. झाडं जागेवर होती, प्राणी गेले. कारण उघड होतं: मारले जात होते. उपग्रहाच्या छायाचित्रात तो सगळा भाग हिरवागारच दिसतो. रिकामं घर बाहेरून बघितलं तर रिकामं आहे हे कळत नाही, तसं. आत कोण राहतं हे नाव घेऊन विचारणारं कोणीतरी लागतं.

आणि राहणारे गेले की घरही बदलतं. गॅबॉनच्या लोपे भागात कोला लिझे नावाचं झाड आहे. त्याच्या फळांच्या बिया पसरवण्याचं काम मुख्यतः गोरिला करतात. गोरिला रात्री झोपायला मोकळ्या, उजेडाच्या जागा निवडतो. तिथेच त्याच्या विष्ठेतून बी पडते, आणि सावलीत खुरटली असती ती रोपं तिथे तरारतात. गोरिला संपले म्हणून ते झाड उद्याच मरणार नाही. फक्त त्याची पुढची पिढी कमी होत जाईल, आणि ते कळेपर्यंत माणसाच्या दोन-तीन पिढ्या उलटतील.

‘प्राणिसंग्रहालयात ठेवा, डीएनए गोठवून ठेवा’

प्राणिसंग्रहालयांतले जवळजवळ सगळे गोरिला सखल प्रदेशातले आहेत. पर्वतीय गोरिलांची अशी राखीव फळी कुठेही नाही. ओरांगउटानांच्या बाबतीत पूर्वी बोर्निओ आणि सुमात्रा असा भेद न करता जोड्या लावल्या गेल्या, आणि त्यातून झालेली मिश्र पिल्लं यापैकी कुठल्याच वंशाच्या उपयोगाची नाहीत. वेगळं नाव वेळेवर न दिल्याची ही किंमत आहे.

पण अडचण त्याहून खोल आहे. महाकपी फक्त जनुकांनी घडत नाही, शिकून घडतो. आयव्हरी कोस्टच्या ताई जंगलातले चिंपांझी दगडाने कठीण कवचाची फळं फोडतात. खाली ऐरण म्हणून मूळ किंवा खडक, वर हातोडा. पिल्लं आईचं बघून बघून शिकतात आणि हात बसायला कित्येक वर्षं जातात. दुसरीकडे अशी जंगलं आहेत जिथे तीच फळं आहेत, दगडही आहेत, पण तिथल्या चिंपांझींना ही विद्या नाही. ताईत उत्खननात असे दगड सापडले आहेत जे चिंपांझींनी ४३०० वर्षांपूर्वी वापरले होते. ही परंपराच झाली, दुसरा शब्द सुचत नाही.

जून २०२२मध्ये सुमात्रातल्या सुआक बालिंबिंगला राकुस नावाच्या ओरांगउटान नराच्या गालावर जखम झाली. त्याने एका वेलीची पानं चघळली, रस जखमेवर लावला आणि मग चघळलेला चोथा लेप दिल्यासारखा वर थापला. ही वेल स्थानिक लोक औषधात वापरतात. जखम महिन्याभरात भरून आली. हे तो कुठे शिकला? गोठवलेल्या डीएनएत याचं उत्तर असेल असं मला तरी वाटत नाही.

एखादी भाषा संपली तर तिचा शब्दकोश कपाटात राहतो. ती बोलणारी आजी राहत नाही.

‘नामशेष होणं हा निसर्गाचाच नियम’

खरं आहे. डायनासोर गेले तेव्हा आपण नव्हतो. पण माणूस मरणारच हा नियम असला म्हणून खुनाचा तपास थांबत नाही. महाकपींच्या बाबतीत तर सगळे संशयित ओळखीचे आहेत: बंदूक, फासे, लागवड, खाण, रस्ता, रोग. गोळी आणि करवत म्हणजे उत्क्रांती नव्हे.

‘आणि माणसांचं काय?’

हा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो, आणि संवर्धनवाल्यांनी तो बराच काळ टाळला. १९९१मध्ये ब्विंडी आणि म्गाहिंगा राष्ट्रीय उद्यानं झाली तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या त्या जंगलांत राहणाऱ्या बात्वा लोकांना बाहेर काढण्यात आलं. गोरिला वाचले, बात्वा भूमिहीन झाले. या हिशेबाची दुसरी बाजू लपवून गोरिलांच्या यशाची गोष्ट सांगणं अप्रामाणिक ठरेल. विरुंगाच्या रक्षणात तर काँगोतले दोनशेहून अधिक वनरक्षक आजवर मारले गेले आहेत. तीही तिथलीच माणसं.

पुढे काही गोष्टी बदलल्या. रवांडात गोरिला बघायच्या परवान्याला २०१७पासून १५०० डॉलर पडतात. एका कळपापाशी दिवसाला मोजकेच पाहुणे, तेही फक्त तासभर. पर्यटनाच्या उत्पन्नातला १० टक्के वाटा आसपासच्या गावांसाठी ठेवला जातो. शाळा, दवाखाने, पाणी यांवर तो खर्च होतो. जंगलात रोज फिरणारे माग काढणारे, रानातले फासे उचलणारे, वाटाडे यांना पगार मिळतो, आणि त्यांच्यातले काही पूर्वी स्वतः शिकार करत. पशुवैद्य रानात जाऊन, फासात हात अडकलेल्या गोरिलाला भुलीचं इंजेक्शन मारून तो सोडवतात. भोवती बिथरलेला कळप असताना हे काम चालतं. इतकी जातीने देखभाल दुसऱ्या कुठल्या वन्य प्राण्याच्या वाट्याला क्वचितच येत असेल.

ही देखभाल लागू पडली, आणि त्यातूनच नवा पेच उभा राहिला आहे. विरुंगाचं जंगल तेवढंच राहिलं, गोरिला वाढले. कळप दाटीवाटीने राहू लागले तशा त्यांच्यातल्या चकमकी वाढल्या, परक्या नरांकडून पिल्लं मारली जाण्याचे प्रकार वाढले आणि काही भागांत वाढीचा वेग मंदावला. उद्यानाच्या कुंपणाला लागूनच बटाट्याची शेतं सुरू होतात. आफ्रिकेतल्या सर्वांत दाट ग्रामीण वस्त्यांपैकी ही एक. रवांडा सरकारने उद्यान वाढवायचं ठरवलं आहे, त्यासाठी शेती करणाऱ्या कुटुंबांना हलवून नवी घरं द्यायची आहेत. गोरिलांना जागा हवी हे सगळ्यांना पटतं. ती कोणाच्या शेतातून काढायची, हे ठरवण्याचं काम आता त्या गावांत चालू आहे.